किशोरवयातील समाजविघातक स्वभावात जनुकांचा वाटा किती?

किशोरवयात नियम मोडणे, खोटे बोलणे, घरी न सांगता रात्री उशिरापर्यंत बाहेर राहणे, मित्रांच्या भरीला पडून एखादी वस्तू उचलणे हे प्रकार इतके सर्रास घडतात की केवळ त्यांवरून एखाद्या मुलाच्या स्वभावाविषयी मत बनवणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरते. टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९९३ मध्ये अशा वर्तनाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. पहिल्या प्रकारातील मुले तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास बिघडल्यासारखी वागू लागतात आणि विशीत शिरून नोकरी, जोडीदार व जबाबदाऱ्या आल्या की त्यांतील बहुतेक जण सावरतात. दुसऱ्या प्रकारातील मुलांच्या तक्रारी बालवाडीच्या वयातच सुरू होतात, शाळेत वाढत जातात आणि मोठेपणीही मारामाऱ्या, गुन्हे व तुटलेली नाती या रूपाने चालू राहतात. हा दुसरा गट संख्येने फार लहान असतो. मात्र त्या मुलांच्या स्वतःच्या आणि त्यांच्या सहवासात आलेल्यांच्या वाट्याला येणारे दुःख मोठे असते. जनुकांचा प्रश्न प्रामुख्याने या दुसऱ्या गटाविषयी विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा दोन टोकांपैकी एका टोकाला जाऊन दिले जाते: एक तर ‘खाण तशी माती’ म्हणून हात झटकायचे, नाही तर सगळा दोष आईबापांच्या वळणावर ढकलायचा. गेल्या तीसेक वर्षांतील संशोधन या दोन्ही उत्तरांना आधार देत नाही.

आधी नेमके काय मोजले जाते ते पाहू. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या बाबतीत करायचे नाही, असा मनोविकारशास्त्रात नियम आहे आणि तो योग्यच आहे, कारण या वयात स्वभाव अजून घडत असतो. मुलांच्या बाबतीत ‘कंडक्ट डिसऑर्डर’ म्हणजे वर्तणूक विकार असे निदान होते. मात्र या एकाच निदानाखाली फार भिन्न स्वभावांची मुले येतात. एखादा मुलगा चटकन भडकतो, हात उगारतो आणि मागाहून रडतो. दुसरा शांत डोक्याने दुसऱ्याला दुखावतो आणि त्याचे त्याला काहीच वाटत नाही. हा फरक महत्त्वाचा असल्यामुळे अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत, म्हणजे ‘डीएसएम-५’ मध्ये, या निदानाला एक पुरवणी जोडण्यात आली. चुकीबद्दल पश्चात्ताप नसणे, दुसऱ्याच्या भावनांची कदर नसणे, अभ्यासात किंवा कामात आपण मागे पडतो आहोत याची पर्वा नसणे आणि भावना वरवरच्या असणे या चार लक्षणांपैकी किमान दोन लक्षणे किमान बारा महिने, आणि तीही एकाच ठिकाणी नव्हे तर घर, शाळा, मित्र अशा निरनिराळ्या संबंधांत दिसत असतील, तरच ही पुरवणी लावता येते. परीक्षेच्या दिवसांत आईशी तुसडेपणाने वागणारा मुलगा यात बसत नाही. संशोधक या लक्षणांच्या समूहाला जे नाव देतात त्यासाठी या लेखात ‘भावनिक कोरडेपणा’ असा शब्द वापरला आहे.

हा कोरडेपणा रक्ततपासणीसारखा मोजता येत नाही. त्यासाठी पालकांना, शिक्षकांना आणि थोड्या मोठ्या मुलांना स्वतःलाच प्रश्नावल्या भरायला दिल्या जातात. स्वीडनमध्ये तयार झालेल्या आणि पुढे अनेक देशांत वापरल्या गेलेल्या एका प्रश्नावलीत पन्नास विधाने आहेत व किशोरवयीन मुलाने प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडते ते सांगायचे असते. ती विधाने मुद्दाम अशी रचली आहेत की हे गुण ज्याच्यात आहेत त्याला ती दोष वाटू नयेत. ‘मी निर्दय आहे का?’ असे विचारले तर कोणीही नाही म्हणेल. पण ‘इतर लोक ज्या गोष्टींनी हळवे होतात त्यांत हळवे होण्यासारखे काही नाही’ अशा धर्तीचे विधान समोर आले की खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. तरीही प्रश्नावली ही प्रश्नावलीच असते. आई, वर्गशिक्षिका आणि मुलगा यांची उत्तरे बरेचदा जुळत नाहीत. या विषयातील प्रत्येक आकड्याच्या मागे अशी माणसांनी दिलेली उत्तरे आहेत हे लक्षात ठेवलेले बरे.

आता जनुकांचा वाटा काढतात कसा? यातील मुख्य साधन म्हणजे जुळी भावंडे. एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन जन्मलेल्या एकबीज जुळ्यांची जनुके जवळपास शंभर टक्के सारखी असतात. दोन वेगळ्या बीजांपासून जन्मलेल्या द्विबीज जुळ्यांमध्ये, इतर सख्ख्या भावंडांप्रमाणेच, माणसामाणसांत भिन्न असणाऱ्या जनुकांपैकी सरासरी निम्मी सारखी असतात. दोन्ही प्रकारची जुळी मात्र एकाच घरात, एकाच वेळी वाढतात. त्यामुळे एखाद्या गुणात एकबीज जुळी द्विबीज जुळ्यांपेक्षा जास्त सारखी निघाली, तर त्या जास्तीच्या साम्यामागे जनुके असावीत असा तर्क करता येतो.

हिशोब कसा चालतो ते कळावे म्हणून सोयीचे आकडे घेऊ. साम्य शून्य (मुळीच नाही) ते एक (पूर्ण) अशा मापात मोजतात. समजा, भावनिक कोरडेपणाच्या गुणांमध्ये एकबीज जोड्यांतील साम्य ०.६० आणि द्विबीज जोड्यांतील साम्य ०.३५ आले. दोहोंतील अंतर ०.२५. जनुकीय साम्याचे अंतर शंभर टक्के आणि पन्नास टक्के यांमधले, म्हणजे निम्मे असल्यामुळे हे ०.२५ दुप्पट करायचे, ते ०.५० होते, म्हणजे आनुवंशिकतेचे प्रमाण पन्नास टक्के. एकबीज जोड्यांतील ०.६० साम्यातून हे ०.५० वजा केले की ०.१० उरते. हा भाग दोघांच्याही वाट्याला सारख्याच आलेल्या परिस्थितीचा, उदाहरणार्थ घरची आर्थिक स्थिती किंवा वस्ती. आणि एकमधून ०.६० वजा केल्यावर राहिलेले ०.४० हे ज्याच्या त्याच्या स्वतंत्र अनुभवांचे: वेगळे मित्र, वेगळे शिक्षक, एखादा आजार किंवा अपघात, शिवाय मोजमापातील चुकाही यातच येतात. प्रत्यक्षात संशोधक याहून काटेकोर गणित करतात, पण मूळ तर्क हाच.

या पद्धतीवर एक जुना आक्षेप आहे. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांना सगळे जण सारखेच वागवतात, एकसारखे कपडे घालतात, मग साम्य जनुकांचे की वागवण्याचे? आक्षेप रास्त आहे आणि तो तपासूनही पाहिला गेला आहे. काही आईवडील आपली एकबीज जुळी द्विबीज असल्याचे समजून वाढवतात, तर काहींच्या बाबतीत याच्या उलट घडते. अशा जोड्यांमध्ये साम्य आईवडिलांच्या समजुतीपेक्षा प्रत्यक्ष जनुकीय नात्याच्या मागे जाते असे आढळले. आक्षेपाची धार त्यामुळे बरीच कमी झाली, पूर्ण गेली असे म्हणणार नाही.

या पद्धतीने मिळालेले निष्कर्ष बऱ्यापैकी एका दिशेचे आहेत. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सतरा वर्षांच्या जुळ्यांच्या ६२६ जोड्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बेडर वर्चस्ववृत्ती आणि उतावळी समाजविघातक वृत्ती हे दोन पैलू वेगळे तपासले गेले आणि दोन्हींत आनुवंशिकतेचे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या थोडे खाली आले. स्वीडनमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या हजाराहून अधिक जोड्यांवरील २००६ च्या अभ्यासात बढाईखोर व दुसऱ्याला वापरून घेण्याची वृत्ती, भावनिक कोरडेपणा आणि बेजबाबदार उतावळेपणा हे तिन्ही पैलू एका सामाईक जनुकीय मुळाशी जोडलेले दिसले. त्याआधी २००२ मध्ये सू ऱ्ही आणि अर्विन वाल्डमन यांनी जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या ५१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून समाजविघातक वर्तनातील सुमारे ४१ टक्के फरकांमागे जनुके, १६ टक्क्यांमागे सामाईक परिस्थिती आणि ४३ टक्क्यांमागे स्वतंत्र अनुभव असल्याचे मांडले. मारामारी आणि आक्रमकता यांत जनुकांचा वाटा अधिक, तर चोरी, शाळा बुडवणे अशा नियमभंगांत घर व वस्ती यांचा वाटा तुलनेने अधिक, असेही पुढे दिसून आले.

यांतील सर्वांत बोलका अभ्यास मात्र लंडनमधला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ ते १९९६ या काळात जन्मलेल्या हजारो जुळ्यांची नोंद ठेवून त्यांच्या वाढीचा मागोवा घेणारा एक मोठा प्रकल्प आहे. एसी वायडिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील सात वर्षांच्या मुलांविषयी शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावल्या तपासल्या आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. वर्तनाच्या गंभीर तक्रारी असलेल्या मुलांचे त्यांनी दोन भाग केले: कोरडेपणा असलेली आणि नसलेली. पहिल्या भागात आनुवंशिकतेचे प्रमाण सुमारे ८१ टक्के आले, दुसऱ्या भागात केवळ ३० टक्के. वर्गात दोन मुले सारखाच दंगा करतात, सारखीच शिक्षा भोगतात, पण एकाच्या दंग्याची मुळे जास्त करून उपजत स्वभावात आहेत आणि दुसऱ्याची बहुतांशी परिस्थितीत, हे या दोन आकड्यांनी पहिल्यांदा इतक्या ठसठशीतपणे दाखवले. माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत उपयोगी निष्कर्ष हाच आहे, कारण एकाच नावाच्या विकारावर सगळ्यांना एकच उपाय का लागू पडत नाही याचा उलगडा त्यातून होऊ लागतो.

आणि नेमक्या याच ठिकाणी सर्वाधिक गैरसमज होतो. ‘८१ टक्के आनुवंशिक’ याचा अर्थ एखाद्या मुलाचा ८१ टक्के कोरडेपणा जनुकांनी आणि १९ टक्के घराने तयार केला असा होत नाही. तसेच अशा मुलाच्या पाठच्या भावंडात हा गुण येण्याची शक्यता ८१ टक्के आहे असाही त्याचा अर्थ नाही. आनुवंशिकतेचे प्रमाण हे एका विशिष्ट समूहात, विशिष्ट काळी, माणसामाणसांत जे फरक दिसतात त्यांच्याविषयीचे विधान आहे. पोत, पाणी आणि खत अगदी सारखे असलेल्या एकाच वावरात वेगवेगळ्या वाणांची बाजरी पेरली, तर कणसांच्या लांबीतील जवळपास सगळा फरक वाणामुळे पडलेला दिसेल. तीच मिसळ अर्ध्या ओलिताच्या आणि अर्ध्या कोरडवाहू रानात पेरली, तर फरकातला मोठा वाटा पाण्याचा निघेल, आणि बियाणे मात्र दोन्हीकडे तेच असेल. सगळ्या मुलांना सारखेच चांगले शिक्षण व सुरक्षितता मिळू लागली की जनुकांच्या वाट्याचा आकडा वाढतो, आणि त्याचे कारण जनुके प्रबळ झाली हे नसून परिस्थितीतले अंतर घटले हे असते.

या समजुतीचा आपल्या समाजाशी थेट संबंध आहे. एका समूहातील व्यक्तींमधले फरक जनुकांनी समजावता आले, तरी त्यावरून दोन समूहांमधल्या फरकाविषयी काहीही सिद्ध होत नाही. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणून जन्मानेच गुन्हेगार अशी शिक्कामोर्तब केलेल्या जमातींची यादी करायला सुरुवात केली आणि पुढे आपल्याकडील पारधी, कैकाडी अशा अनेक जमाती त्या जाचाखाली आल्या. माणसांची नावनोंदणी, पोलिसांपुढे हजेरी, तारेच्या कुंपणातील वसाहती. सोलापूरची सेटलमेंट त्यांतलीच. जनुक हा शब्दही तेव्हा अस्तित्वात नव्हता, तरी ‘गुन्हेगारी रक्तात असते’ या कल्पनेने कित्येक पिढ्यांचे आयुष्य जखडून टाकले. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या, पण गावात चोरी झाली की संशयाची नजर आजही आधी पालाकडे वळते. जुळ्यांच्या संशोधनातला एकही आकडा या संशयाला आधार देत नाही. ते संशोधन एकाच समाजातील भावंडांची तुलना करते. जमातींविषयी ते काही सांगत नाही आणि त्या पद्धतीने ते सांगताही येणार नाही.

जुळ्यांव्यतिरिक्त दुसरा मार्ग दत्तक मुलांचा. यात जन्म देणारे आणि वाढवणारे आईवडील वेगळे असल्यामुळे वारसा आणि संगोपन आपोआप वेगळे होतात. डेन्मार्कमध्ये १९२४ ते १९४७ या काळात झालेल्या १४,४२७ दत्तकविधानांच्या आणि न्यायालयीन निकालांच्या नोंदी जुळवून सार्नॉफ मेडनिक यांनी १९८४ मध्ये निष्कर्ष मांडला. दत्तक गेलेल्या मुलग्यांपैकी ज्यांचे जन्मदाते व पालक दोघेही निर्दोष होते, त्यांच्यापैकी १३.५ टक्क्यांना कधी ना कधी शिक्षा झाली होती. केवळ दत्तक पालकांना शिक्षा झालेली असेल तर हे प्रमाण १४.७ टक्के, केवळ जन्मदात्यांना झालेली असेल तर २० टक्के आणि दोन्हीकडे असेल तर २४.५ टक्के. वारशाचा परिणाम दिसतो, हे नाकारता येणार नाही. पण हेच आकडे दुसऱ्या बाजूने वाचायला हवेत: ज्यांच्या जन्मदात्यांनी गुन्हे केले होते आणि जे निर्दोष घरात वाढले, अशा पाच मुलग्यांपैकी चौघांना आयुष्यात कधीही शिक्षा झाली नाही. शिवाय हा संबंध चोरीसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यांपुरता आढळला; हिंसक गुन्ह्यांच्या बाबतीत या अभ्यासात तो दिसला नाही.

मग जन्मजात येते ते नेमके काय? गुन्हा वारशाने येत नाही. कोणत्याही देशाचा कायदा जनुकांत लिहिलेला नसतो. येते ती भीती, शिक्षा, बक्षीस आणि दुसऱ्याचे दुःख यांना प्रतिसाद देण्याची उपजत ठेवण. मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग असतो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरील भीती ओळखून सावध होण्यात त्याचे काम मोठे असते. भावनिक कोरडेपणा जास्त असलेल्या किशोरवयीन मुलांना घाबरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवत मेंदूचे स्कॅन घेतले असता हा भाग इतर मुलांच्या मानाने कमी सक्रिय होतो, असे एकाहून अधिक प्रयोगशाळांत आढळले आहे. आपण धक्का दिल्यावर समोरचे मूल भेदरले आहे हे ज्याच्या आत उमटतच नाही, त्याला ‘असे करू नये’ हा धडा अनुभवातून मिळायला वेळ लागतो. वायडिंग यांच्याच गटाने २०१७ मध्ये ११ ते १६ वर्षांच्या मुलांना हसण्याचे आवाज ऐकवून पाहिले. आजूबाजूला कोणी खळखळून हसू लागले की आपल्यालाही कारण नसताना हसू फुटते. वर्तनाच्या तक्रारींसोबत कोरडेपणाही असलेल्या मुलांना मात्र त्या हसण्यात सामील व्हावेसे कमी वाटले आणि त्यांच्या मेंदूतील संबंधित भागांचा प्रतिसादही क्षीण होता. भीती सोडाच, आनंदही त्यांच्यापर्यंत कमी पोहोचतो, हे वाचताना मला तरी राग येण्याऐवजी कणव वाटते.

आता प्रत्यक्ष जनुकांकडे वळू. याबाबतीत विज्ञानाने पूर्वी घाई केली होती. स्कॉटलंडमधील कडक बंदोबस्ताच्या एका मनोरुग्णालयातील पुरुषांमध्ये एक जादा वाय गुणसूत्र असलेल्यांचे प्रमाण अपेक्षेहून जास्त आढळल्याचे १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ‘गुन्हेगारी गुणसूत्र’ सापडल्याचा बोलबाला झाला. पुढे १९७६ मध्ये डेन्मार्कमधील मोठ्या समूहाच्या अभ्यासात असे पुरुष विशेष हिंसक असल्याचा पुरावा मिळाला नाही आणि तो दावा मागे पडला. त्यानंतर १९९३ मध्ये हान ब्रुनर यांनी नेदरलँड्समधील एका कुटुंबाची माहिती प्रसिद्ध केली. त्या कुटुंबातील अनेक पुरुषांत सौम्य बौद्धिक दुर्बलतेसोबत आवेगी आक्रमकता होती आणि मेंदूतील सेरोटोनिनसारख्या रसायनांचे विघटन करणारे ‘एमएओए’ नावाचे एन्झाइम त्यांच्यात मुळीच तयार होत नव्हते. असा संपूर्ण बिघाड अत्यंत दुर्मीळ आहे. मात्र हे एन्झाइम ज्या जनुकामुळे तयार होते, त्याचे कमी सक्रिय रूप पुष्कळांत असते. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण तिघांतील एकात.

न्यूझीलंडमधील डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला जात होता. ॲव्हशॅलम कॅस्पी, टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी त्यांतील मुलग्यांमध्ये या जनुकाचे जास्त सक्रिय रूप आहे की कमी सक्रिय ते तपासले आणि २००२ मध्ये दाखवले की केवळ कमी सक्रिय रूप असल्याने फारसे काही बिघडत नाही. लहानपणी मारझोड, छळ किंवा झिडकारले जाणे वाट्याला आलेल्या मुलांत मात्र या रूपामुळे पुढील समाजविघातक वर्तनाची शक्यता बरीच वाढते. कमी सक्रिय रूप आणि छळ या दोन्ही गोष्टी वाट्याला आलेले मुलगे एकूण मुलग्यांच्या केवळ १२ टक्के होते, पण हिंसक गुन्ह्यांतील ४४ टक्के शिक्षा त्यांच्या नावावर होत्या. वृत्तपत्रांनी या जनुकाला ‘योद्धा जनुक’ असे नाव देऊन टाकले, ते सर्वस्वी दिशाभूल करणारे होते. या अभ्यासाचा रोख होता तो छळाकडे.

एकेका जनुकाचा असा शोध घेणाऱ्या इतर बहुतेक अभ्यासांचे निष्कर्ष पुन्हा तपासल्यावर टिकले नाहीत. त्यामुळे आता लाखो ठिकाणचे जनुकीय फरक एकाच वेळी पडताळले जातात. ‘ब्रॉडएबीसी’ या आंतरराष्ट्रीय गटाने २०२२ मध्ये ८५,३५९ व्यक्तींची माहिती एकत्र करून असे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात सातव्या गुणसूत्रावरील ‘फॉक्सपी२’ या, भाषेच्या विकासाशी संबंधित म्हणून आधीच ठाऊक असलेल्या जनुकाजवळचा एक फरक ठळकपणे पुढे आला. परंतु या पद्धतीने मोजता आलेले आनुवंशिकतेचे एकूण प्रमाण अवघे ८.४ टक्के होते. जुळ्यांच्या अभ्यासांतील चाळीस-पन्नास टक्के आणि येथील आठ टक्के यांमधली दरी अजून भरून निघालेली नाही. यावरून कळते ते असे की हजारो जनुकीय फरक प्रत्येकी कणभर वाटा उचलतात आणि त्या सगळ्यांची बेरीज करूनही एखाद्या विशिष्ट मुलाविषयी भाकीत करता येत नाही. त्यातच ही माहिती जवळपास सगळी युरोपीय वंशाच्या लोकांची असल्याने तिच्यावरून काढलेला जनुकीय जोखमीचा आकडा भारतीय मुलांना लावणे शास्त्राला धरून होणार नाही. मुलाचा स्वभाव लाळेच्या नमुन्यावरून सांगण्याचा दावा कोणी केला, तर पालकांनी त्यावर पैसे खर्च करू नयेत.

जनुके आणि परिस्थिती यांची बेरीज मांडता येत नाही याचे आणखी एक कारण आहे. मूल स्वतःची परिस्थिती काही अंशी स्वतःच घडवत असते. चिडखोर, न ऐकणाऱ्या मुलावर आईवडील जास्त ओरडतात, हात उगारतात. त्याने मूल आणखी अडेल होते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील दत्तक कुटुंबांच्या १९९८ च्या अभ्यासात असे दिसले की ज्या मुलांच्या जन्मदात्या आईत समाजविघातक वर्तनाचा इतिहास होता, त्यांना रक्ताचे कोणतेही नाते नसलेल्या दत्तक पालकांकडूनही जास्त कठोर वागणूक मिळत होती. म्हणजे कठोर वागणूक ही काही प्रमाणात मुलाच्या स्वभावाने ओढवलेली होती. किशोरवयात तर हे चक्र घराबाहेर जाते, कारण मित्र कोण हे मूल आता स्वतः ठरवते, आणि धोक्याची ओढ असलेली मुले एकमेकांना बरोबर शोधून काढतात. तेवढ्यावरून कठोरपणा निरुपद्रवी ठरत नाही. ब्रिटनमधील पाच वर्षांच्या जुळ्यांच्या ‘ई-रिस्क’ अभ्यासात, जनुकीय जोखीम कमी असलेल्या मुलांमध्ये छळामुळे वर्तणूक विकाराची शक्यता २ टक्क्यांनी, तर जोखीम जास्त असलेल्यांमध्ये २४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. मिशिगनमधील एकबीज जुळ्यांवरील २०१८ च्या अभ्यासातही ज्या भावंडाला आईवडिलांकडून जास्त कठोर व कमी मायेची वागणूक मिळत होती, तेच भावंड जास्त आक्रमक व जास्त कोरडे निघाले. जनुके तीच होती, त्यामुळे हा फरक जनुकांच्या माथी मारता येत नाही.

या संदर्भात २०१६ मधील एक दत्तक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेतील ५६१ कुटुंबांत जन्मानंतर लगेच दत्तक गेलेल्या बाळांवर लूक हाइड आणि सहकाऱ्यांनी लक्ष ठेवले. जन्मदात्या आईत समाजविघातक वर्तन गंभीर असेल, तर तिच्याशी पुढे फारसा संपर्क नसतानाही बाळाच्या २७ व्या महिन्यात कोरडेपणाची सुरुवातीची चिन्हे जास्त दिसत होती. पण मूल दीड वर्षाचे असताना दत्तक आई त्याच्याशी कशी वागते याचेही निरीक्षण झाले होते. ज्या घरांत आई मुलाच्या लहानसहान चांगल्या वागण्याचे तिथल्या तिथे कौतुक करत होती, त्या घरांत वारशाचा हा परिणाम दिसेनासा झाला. कौतुक म्हणजे येथे फार मोठे काही नव्हते: खेळणी डब्यात टाकली म्हणून टाळी, सांगितलेले ऐकले म्हणून शाबासकी.

उपचारांचा अनुभव याला पूरक आहे. ऑस्ट्रेलियात डेव्हिड हॉज आणि मार्क डॅड्स यांनी चार ते आठ वर्षांच्या मुलग्यांच्या पालकांना प्रशिक्षण दिले. चांगल्या वागण्याला बक्षीस देण्याचा भाग सर्व मुलांना लागू पडला. चुकीनंतर थोडा वेळ एकटे बसवण्याच्या शिक्षेचा परिणाम मात्र भावनिक कोरडेपणा असलेल्या मुलांवर फारसा झाला नाही, आणि एकटे बसवल्यावर ती रडलीही इतरांपेक्षा कमी. शिक्षेची भीतीच ज्यांना कमी वाटते त्यांना शिक्षा वाढवून वळण लागत नाही, हे आईवडिलांनी आणि शिक्षकांनीही ध्यानात घेण्यासारखे आहे, कारण आपल्याकडे अशा मुलांवर पहिला उपाय मार हाच केला जातो.

कायद्यातही हा विषय अधूनमधून डोकावतो. इटलीतील ट्रिएस्ट येथील अपील न्यायालयाने २००९ मध्ये एका खून खटल्यातील आरोपीच्या शिक्षेत एक वर्षाची सूट देताना त्याच्या एमएओए जनुकाचा अहवालही विचारात घेतला आणि त्यावर वैज्ञानिकांनी बरीच टीका केली. भारतात २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १५ नुसार सोळा ते अठरा वयोगटातील मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळाने त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि घटनेची परिस्थिती यांची प्राथमिक तपासणी करायची असते. या तपासणीत आनुवंशिकतेच्या आकड्यांना स्थान नाही आणि ते नसणेच योग्य आहे, कारण हजारो मुलांच्या सरासरीतून आलेला आकडा मंडळापुढे उभ्या असलेल्या एका मुलाविषयी काही सांगू शकत नाही.

अगदी टोकाच्या मुलांविषयी काय, असा प्रश्न उरतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन येथे १९९५ मध्ये मेंडोटा नावाचे किशोरवयीन मुलांचे उपचार केंद्र सुरू झाले. इतर सुधारगृहांना आवरत नाहीत म्हणून पाठवलेले, हिंसक गुन्हे केलेले मुलगे येथे ठेवले जातात. शिक्षा आणि बंडखोरी यांचे वाढत जाणारे चक्र तोडायचे, वागण्याचे मूल्यमापन रोजच्या रोज करायचे आणि आजच्या चांगल्या वागण्याचा लाभ उद्याच द्यायचा, अशी तेथील पद्धत आहे. मायकेल कॉल्डवेल यांनी या मुलांची तुलना तशाच पार्श्वभूमीच्या, नेहमीच्या सुधारगृहांत राहिलेल्या मुलांशी केली. चिठ्ठ्या टाकून मुलांची विभागणी केलेली नसल्याने हा पुरावा सर्वोच्च दर्जाचा म्हणता येणार नाही. तरीही सुटकेनंतरच्या काही वर्षांत मेंडोटातून बाहेर पडलेल्या मुलांनी हिंसक गुन्हे बरेच कमी केले होते, आणि तुलनेच्या गटातील मुलांच्या हातून सोळा माणसांचे जीव गेले असताना मेंडोटातील मुलांपैकी एकाच्याही हातून कोणाचा मृत्यू झाला नव्हता.